भागूबाईंची न संपणारी पंचवीस तारीख

टीव्हीतली गोरी बाई तिसऱ्यांदा झोपेतून उठली. तिसऱ्यांदा तिचा पाय कुत्र्याच्या शेपटीवर पडला आणि तिसऱ्यांदा हातातली कॉफी पांढऱ्याशुभ्र चादरीवर सांडली. भागूबाईंनी मांडीवरच्या साडीत सुई टोचून ठेवली आणि चष्मा कपाळावर चढवला.

“अहो, टीव्ही अडकला बघा.”

किशनरावांनी तोंडासमोरचा पेपर हलवला नाही. “बंद करून लाव.”

भागूबाईंनी बंद करून लावला. बाई उठली, कुत्रं केकाटलं, कॉफी सांडली. जुन्या टीव्हीला द्यायच्या तशी त्यांनी मागून एक थाप दिली. बाई पुन्हा उठली. आता मात्र किशनरावांनाही राहवलं नाही. त्यांनी केबलवाल्याला फोन लावला आणि टपाल खात्यात आयुष्य गेलेल्या माणसाच्या आवाजात तक्रार सांगितली.

“साब,” तिकडून केबलवाला म्हणाला, “तुम्ही केबल काढून दो साल हुए. आता तुमच्याकडं नेट है. मेरेकू कैकू फोन कर रहे?”

तेवढ्यात ओल्या केसांना टॉवेल गुंडाळून ईशा न्हाणीघरातून बाहेर आली आणि टीव्हीकडं बघून किंचाळली.

“आज्जीऽ! कोणी मागं नेलं? अर्धा बघून झाला होता माझा पिक्चर!”

“अगं, तो अडकला होता. एकच सीन पुन्हा पुन्हा लागत होता.”

“अडकला नव्हता. त्याची स्टोरीच तशी है.” ईशानं कपाळावर हात मारून घेतला. तिसरीतली पोर, पण कपाळावर हात मारायची पद्धत थेट आजीची. “ती आंटी ख्रिसमसच्या दिवसात अटकलीय. झोपली की परत तीच सकाळ. परत पंचवीस डिसेंबर. टाइम लूप बोलतात त्याला. बाकी कोणाला काही याद राहत नाही, फक्त तिलाच राहतं.”

“आणि मग ती करते काय?”

“केक करते. रोज जळतो.”

भागूबाईंनी चष्मा पुन्हा नाकावर घेतला आणि पडद्याकडं नीट पाहिलं. “रोज नवा केक? एवढा मैदा आणते कुठून?”

“मैदा पण परत येतो, आज्जी. सकाळ झाली की सगळं पहिल्यासारखं.”

“लोणी?”

“लोणी पण.”

“गॅस?”

“गॅस पण परत भरतो.”

भागूबाईंनी साडीत टोचलेली सुई पुन्हा हातात घेतली. “मग त्या बाईला रडायला काय झालंय?” त्या म्हणाल्या.

दिलसुखनगरच्या त्या गल्लीत भागूबाईंना ओळखत नाही अशी बाई सापडणं कठीण. कोठीच्या बाजारात साडी घ्यायची आणि फॉल लावायला भागूबाईंकडं टाकायची, असा तिथला रिवाज. मशीनवर त्या फॉल लावत नाहीत. हातानं, बारीक टाक्यांनी, बोलत बोलत लावतात, आणि बोलणं लांबलं तर साडी उद्यावर जाते. माहेर त्यांचं देगलूरकडचं. शाळा मराठी, तीही सातवीपर्यंतच. लग्न करून हैदराबादला आल्या तेव्हा तेलुगूचा एक शब्द येत नव्हता. आता भाजीवाल्याशी तेलुगूत भांडतात, रिक्षावाल्याशी उर्दूत, आणि घरात किशनरावांशी मराठीत.

पण रोज सकाळी त्यांचा एक अर्धा तास असा असतो, की त्यात भांडण नाही, बोलणं नाही, टाका नाही. आंघोळ करायची, पांढरी साडी नेसायची, बुद्धाच्या मूर्तीसमोर मेणबत्ती लावायची, शेजारच्या बाबासाहेबांच्या फोटोला फूल वाहायचं आणि हात जोडून वंदना म्हणायची. ती झाल्याशिवाय चूल पेटत नाही. किशनराव चहासाठी खुर्चीत चुळबुळ करत बसतात, पण मध्ये बोलत नाहीत. एवढ्या वर्षांच्या संसारात त्यांनी एकदाच मध्ये बोलून पाहिलं होतं. त्या दिवशी चहा थेट दुपारी मिळाला.

ही वंदना भागूबाईंना त्यांच्या आईनं शिकवली. आईला अक्षर येत नव्हतं. गावात आलेल्या भन्तेजींच्या, म्हणजे बौद्ध भिक्खूंच्या, तोंडून ऐकून ऐकून तिनं ती पाठ केली होती आणि चुलीपुढं बसून लेकीच्या गळ्यात उतरवली होती. माहेरून आलेली इस्टेट म्हणाल तर भागूबाईंकडं तेवढीच. त्यामुळं मागच्या वर्षी जे झालं ते त्यांच्या काळजाला लागलं.

पंचवीस डिसेंबरला शहरात ख्रिसमसची सुट्टी असते आणि विहारात, बाबासाहेबांनी मनुस्मृती जाळली त्याची आठवण म्हणून, स्त्री मुक्ती दिनाचा कार्यक्रम. महिला मंडळाच्या या कार्यक्रमात वंदना भागूबाईंनीच सांगायची, हे कित्येक वर्षं ठरलेलं. आधी विहार म्हणजे एक खोली होती. मागच्या वर्षी मागं मोठा हॉल झाला, पहिल्यांदाच माइक आला, प्रमुख पाहुण्यांसाठी हार घातलेली खुर्ची आली. भागूबाई माइक धरून उभ्या राहिल्या. त्या म्हणायच्या आणि मागून सगळ्यांनी म्हणायचं. बुद्धाला, धम्माला, संघाला शरण जातो, हे एकदा झालं. मग ‘दुतियम्पि’ लावून दुसऱ्यांदा झालं. ‘ततियम्पि’ लावून तिसऱ्यांदा झालं. यानंतर पंचशील घ्यायचं.

भागूबाईंनी घेतलं ते पुन्हा ‘दुतियम्पि’.

लोक भाविक. सांगणारी बाई म्हणते आहे म्हटल्यावर सगळा हॉल मागून म्हणू लागला. पुन्हा ‘ततियम्पि’ झालं. पुन्हा ‘दुतियम्पि’ आलं. म्हाताऱ्यांना वाटलं, आज मोठा दिवस, आज जास्तीची असेल. पोरं खुसखुसायला लागली. तिसऱ्या रांगेत किशनराव डोळे मिटून, तल्लीन होऊन, प्रत्येक फेरीला पहिल्यापेक्षा मोठ्यानं म्हणत होते. मागं पातेल्यात खीर गार होऊन तिच्यावर साय धरली. शेवटी मंडळाच्या सचिव मंगलाताई पुढं आल्या, माइक ओढून घेतला आणि “साधू, साधू, साधू” म्हणून वंदना संपवूनच टाकली.

त्या दिवसापासून फॉल लावायला साडी टाकताना बायका हसून म्हणायच्या, “भागूताई, एकदाच लावा बरं का. दुतियम्पि नको.”

भागूबाईही हसायच्या. किशनराव बायकोची बाजू घ्यायचे. “त्यात काय? सगळ्यांना डबल पुण्य मिळालं.” त्यानं तर आणखीच लागायचं.

आणि आता पुन्हा डिसेंबर आला होता. केकवाली बाई टीव्हीत अडकली, त्याच दिवशी संध्याकाळी मंगलाताई घरी आल्या. विमा कंपनीत नोकरी करून, दोन मुलं शिकवून, वर मंडळ सांभाळणारी बाई. बोलणं एकदम मुद्द्याचं.

“भागूताई, यंदा आपण ब्लूटूथचा स्पीकर आणलाय. वंदना त्याच्यावर लावू. छान रेकॉर्डिंग है, मागं पेटी-तबला पण है. तुम्हाला त्रास नको.”

“मला काय त्रास आहे?”

“तसं नाही हो. वय झालं की होतं. माझ्या सासूबाईंचं पण व्हायचं.”

मंगलाताई भागूबाईंपेक्षा जेमतेम चार वर्षांनी लहान. भागूबाईंनी चहाचा कप त्यांच्यापुढं ठेवला तो जरा आवाज करून.

“एक वर्ष यंत्रावर लावलं की दरवर्षी यंत्रावरच लागणार,” त्या म्हणाल्या. “मग आपण सगळ्यांनी जायचं कशाला? यंत्रालाच पाठवू, ते शरण जाईल आपल्या वतीनं.”

किशनरावांना पेपरामागं खोकला आला. मंगलाताईंनी चहा संपवला, पदर सावरला.

“बरं. तुम्हीच सांगा. पण स्पीकर मी तयार ठेवते. तुम्ही अडलात की मी बटण दाबणार. मग मनात आणू नका.”

“नाही आणणार.”

दार लागल्यावर भागूबाई खुर्चीत बसल्या आणि हातातली साडी उलटी धरून टाके घालायला लागल्या. ईशा सगळं ऐकत होती. ती जवळ आली.

“आज्जी, तू कुठं अटकते ते आपण शोधू. पिक्चरमधली आंटी करते तसं.”

“म्हणजे?”

“उद्यापासून आपल्या घरी रोज पंचवीस डिसेंबर. सगळं सेम करायचं. आणि रोज एकच गोष्ट बदलायची. आंटी तसंच करते. कधी ओव्हन बदलते, कधी कुत्र्याला बाहेर बांधते.”

“मग सुटते का ती?”

“ते नाही सांगणार,” ईशा म्हणाली. “तू सुटली की शेवट दाखवते.”

ईशाच्या शाळेला ख्रिसमसची सुट्टी लागलेलीच होती. दुसऱ्या दिवशी सकाळी सून रूपाली बँकेत आणि मुलगा रवी कामावर गेल्याबरोबर घरात पंचवीस डिसेंबर सुरू झाला. बेगम बाजारातून किशनरावांनी नातीसाठी आणलेला कागदी तारा गॅलरीत टांगला होता, तो लावला. भागूबाईंनी ठेवणीतली पांढरी साडी नेसली. ईशानं खुर्च्यांची रांग लावून त्यांच्यावर उशा बसवल्या, ते प्रेक्षक. हार घातलेल्या खुर्चीत किशनराव, ते प्रमुख पाहुणे. हार म्हणून बंडीवर टॉवेल.

“आणि मंगलाताई कोण?” भागूबाईंनी विचारलं.

ईशानं कोपऱ्यातला टेबल फॅन आणला. “हा. सारखी मान हलवतो.”

“खीर पण लागेल,” प्रमुख पाहुणे म्हणाले. “सगळं सेम म्हटल्यावर खीर नको का?”

“तुम्हाला शुगर आहे.”

“कार्यक्रमाला असते ना खीर? मग. पोरीचा प्रयोग चुकेल.”

खीर झाली. ईशानं माइक म्हणून आजीच्या हातात लाटणं दिलं. किशनराव उठून “बंधूंनो आणि भगिनींनो” म्हणाले, घसा खाकरला आणि टपाल खात्यातून निवृत्त होताना केलेलं भाषण पुन्हा केलं. त्यांना दुसरं भाषण येत नव्हतं. मग भागूबाई लाटणं धरून उभ्या राहिल्या. पहिलं शरण झालं. दुसरं झालं. तिसरं झालं. उशांसमोर, फॅनसमोर, सख्ख्या नवऱ्यासमोर त्या पुन्हा ‘दुतियम्पि’ म्हणाल्या आणि स्वतःच थांबल्या.

चेहरा उतरला. लाटणं टेबलावर ठेवून त्या आत जायला निघाल्या.

“आज्जी, रडायचं नाही,” ईशा म्हणाली. “आंटी पण पहिल्या दिवशी रडली होती. उद्या परत पंचवीसच है.”

पुढच्या पंचवीस तारखेला त्यांनी चहा आधी घेऊन पाहिला. अडल्या. त्याच्या पुढच्या पंचवीस तारखेला चष्मा काढून पाहिला, म्हणजे माणसं दिसणार नाहीत. उशा दिसल्या नाहीत, तरी अडल्या. खिडकीकडं तोंड करून पाहिलं, तर समोरच्या हॉस्टेलच्या पोरी कौतुकानं बघायला लागल्या. किशनरावांनी सुचवलं, खीर आधी खाऊन बघू. आधी खाल्ली, नंतरही खाल्ली, भागूबाई अडायच्या त्या अडल्याच. भाषण मात्र दिवसेंदिवस सुधारत चाललं होतं. निवृत्तीच्या वेळी ज्या साहेबाचं नाव घ्यायचं राहिलं होतं, तेही आता आलं.

गंमत अशी, की सकाळच्या अर्ध्या तासात, मूर्तीसमोर एकटं उभं राहिलं की भागूबाईंचं एक अक्षर इकडचं तिकडं होत नसे. ईशानं दारामागं लपून दोन सकाळी ते ऐकलं. ती गोंधळून गेली.

“आबा, सकाळी बरोबर येतं. दुपारी चुकतं. काय परेशानी है ही?”

“सकाळी मी उपाशी असतो,” किशनराव म्हणाले. “तिला घाई असते.”

एकदा संध्याकाळी रूपाली फ्रिज उघडून उभी राहिली.

“आई, सकाळी दोन लिटर दूध आणलं होतं. कुठं गेलं?”

“पंचवीस तारखेला,” भागूबाई म्हणाल्या.

“आणि ही पांढरी साडी रोज का वाळत घातलेली असते?”

“रोज पंचवीस तारीख असते म्हणून,” ईशा म्हणाली.

रूपालीनं सासऱ्यांकडं पाहिलं. किशनराव मिशीला लागलेली खीर पुसत होते. बँकेत दिवसभर गिऱ्हाइकांशी बोलून आलेली ती बाई पुढं काही न विचारता दही लावायला उरलेलं दूध शोधायला गेली.

रविवारी सगळे घरात होते. ईशानं तरीही उशा मांडल्या. पंचवीस तारीख आता तोंडावर आली होती, खरी पंचवीस, आणि भागूबाईंचा धीर सुटत चालला होता. सकाळी फॉल लावताना त्यांनी किशनरावांना हळूच म्हटलं होतं, “मंगलाताईंना फोन करून टाका. यंत्र लावा म्हणावं.”

“उद्या करतो,” किशनराव म्हणाले होते. “आज पंचवीस तारीख आहे.”

भागूबाई उभ्या राहिल्या. “लाटणं कुठं आहे?”

“आई, मी पोळ्या करतेय,” आतून रूपाली म्हणाली. “थोडा वेळ थांबा.”

“असू दे,” ईशा म्हणाली, “आज बिनमाइकचं म्हण.”

भागूबाईंनी हात जोडले. आता काय, एवीतेवी अडायचंच आहे, अशा आवाजात त्यांनी सुरुवात केली. पहिलं शरण. दुसरं. तिसरं. आणि आवाज न बदलता, श्वास न अडकता त्या सरळ पंचशीलात शिरल्या. पहिलं शील, दुसरं, तिसरं. प्रमुख पाहुण्यांच्या हातातला चमचा हवेत राहिला. रूपाली लाटणं हातात घेऊन स्वयंपाकघराच्या दारात आली. पाचवं शील संपेपर्यंत घरात फक्त फॅनची मान हलत होती.

“लाटणंऽ!” ईशा खुर्चीवर चढून ओरडली. “आज्जी, लाटणं नव्हतं! तेच बदललं!”

भागूबाई आपल्या जोडलेल्या हातांकडं बघत होत्या. आत, तळव्यांच्या मध्ये, कुणाला दिसणार नाही अशी एक गोष्ट चालली होती आणि ती त्यांनाही आजच दिसली. उजव्या हाताचं मधलं बोट डाव्या हाताच्या मधल्या बोटावर घट्ट दाबलेलं होतं.

“आईनं शिकवलं होतं,” त्या म्हणाल्या. “पहिल्यांदा म्हणताना करंगळ्या दाबायच्या. दुसऱ्यांदा त्याच्या शेजारची बोटं. तिसऱ्यांदा मधली. म्हणजे मन इकडंतिकडं गेलं तरी बोटं विसरत नाहीत. आईला मोजता येत नव्हतं ना.” मग थोड्या वेळानं म्हणाल्या, “मी हे रोज करते. मला माहीतच नव्हतं मी करते ते.”

रूपालीनं एकदा हातातल्या लाटण्याकडं पाहिलं, एकदा सासूकडं, आणि लाटणं पाठीमागं लपवलं. आपलाच काही गुन्हा असावा तसं.

मग खरी पंचवीस तारीख आली. या दिवशी काहीच सेम नव्हतं. रिक्षा मिळेना, कारण सगळं शहर ख्रिसमस बघायला बाहेर पडलेलं. हॉल भरलेला. भागूबाई ज्या साडीत उभ्या राहणार होत्या ती इतक्या वेळा धुतली गेली होती की काठ आकसले होते. ईशा पहिल्या रांगेत बसली. किशनराव तिसऱ्या.

मंगलाताईंनी एका हातात फोन धरला होता, त्यावर रेकॉर्डिंग काढून ठेवलेलं, आणि दुसऱ्या हातानं त्यांनी माइक पुढं केला.

“घ्या, भागूताई.”

“मला हात मोकळे लागतात,” भागूबाई म्हणाल्या. “याला उभं करायचा दांडा असतो ना, तो आणा.”

“दांडा कुणीतरी लग्नाला नेलाय. अजून परत आला नाही.”

“मग बिनमाइकचं सांगते.”

“मागं ऐकू जाणार नाही हो! एवढी माणसं आलीत.” मंगलाताईंचा आवाज चढला. “माइक धरण्यात काय अवघड आहे? नुसता तर धरायचा है!”

हॉलमध्ये कुजबूज झाली. मागच्या वर्षीची पोरं यंदा एक वर्षानं मोठी होऊन त्याच जागेवर बसली होती आणि कोपरानं एकमेकांना ढोसत होती. भागूबाईंनी पुढं केलेल्या माइकला हात लावला नाही. माइक घेतला तर काय होणार ते त्यांना पुरतं ठाऊक होतं. नाही घेतला तर स्पीकर लागणार आणि मग तो कायमचाच. त्यांनी ईशाकडं पाहिलं. ईशानं दोन्ही हात जोडून दाखवले आणि भुवया मंगलाताईंकडं उडवल्या.

“मंगलाताई,” भागूबाई म्हणाल्या, “नुसता तर धरायचा आहे. मग तुम्हीच धरा ना माझ्या तोंडाशी.”

पुढच्या रांगेतल्या बायका हसल्या. आता नाही म्हणायची सोय नव्हती. एका हातात फोन, दुसऱ्या हातात माइक, अशा मंगलाताई भागूबाईंच्या शेजारी उभ्या राहिल्या, वाढदिवसाच्या केकपुढं सुरी धरून उभं राहावं तशा. भागूबाईंनी हात जोडले, डोळे मिटले.

पहिलं शरण. करंगळ्या. हॉल मागून म्हणाला. दुसरं. शेजारची बोटं. हॉल म्हणाला. तिसरं. मधली बोटं. शेवटचं ‘संघं सरणं गच्छामि’ हॉलभर घुमलं आणि सगळीकडं एकदम सामसूम झाली. आता बाई काय म्हणते? पोरांनी श्वास धरले. मंगलाताईंनी फोनवर अंगठा नेऊन ठेवला, तयारीत. आणि एवढा वेळ माइक वर धरून अवघडलेला हात सावरताना दुसऱ्या हातातल्या फोनवर तो अंगठा नेमका तेव्हाच पडला.

स्पीकर सुरू झाला. आधी पेटी, मग तबला, मग एका पुरुषाच्या गोड, भरदार आवाजात वंदना अगदी पहिल्यापासून.

लोक भाविक. अर्धा हॉल त्याच्यामागून म्हणायला लागला. किशनराव तर डोळे मिटूनच होते, त्यांनी वरचा सूर लावला. मंगलाताईंची त्रेधा उडाली. बंद करायला बटण दाबलं तर आवाज वाढला. पुन्हा दाबलं तर गाणं मागं जाऊन परत पेटीपासून सुरू झालं. माइक खाली ठेवावा तर ठेवायला जागा नाही, आणि माइकमधून त्यांचं “अय्यो, अय्यो” सगळ्या हॉलला ऐकू जात होतं.

भागूबाई हलल्या नाहीत. मागच्या वर्षीच्या भागूबाई असत्या तर त्याही वाहत गेल्या असत्या. पण मधली बोटं मधल्या बोटांवर होती. त्यांनी डोळे उघडले, मान थोडी पुढं केली आणि माइकमध्ये शांतपणे म्हणाल्या, “मंगलाताई, ते राहू द्या. आपलं तीनदा झालेलं आहे.”

कुणीतरी पुढं येऊन स्पीकरच बंद केला. हॉल हसत होता, पण हे हसणं मागच्या वर्षीसारखं नव्हतं. भागूबाई हसू विरेपर्यंत थांबल्या आणि मग पहिलं शील सांगितलं. हॉल मागून म्हणाला. पाचही झाली. “साधू, साधू, साधू” म्हणताना सगळ्यात मोठा आवाज ईशाचा होता.

खीर वाढताना मंगलाताई कोपऱ्यात पातेल्याशी उभ्या होत्या. चेहरा पडलेला. कानावर येत होतंच, पोरं त्यांच्यासारखं “अय्यो, अय्यो” करून दाखवत होती. भागूबाई वाटी घेऊन त्यांच्यापाशी गेल्या.

“मी काही मुद्दाम नाही लावलं हो,” मंगलाताई म्हणाल्या. “अंगठाच पडला.”

“मला नका सांगू,” भागूबाई म्हणाल्या. “हातात माइक आला की काय होतं, ते माझ्याइतकं कुणाला माहीत आहे?” आणि त्यांच्या हातात वाटी दिली. “पुढच्या वर्षी दांडा लग्नाला देऊ नका म्हणजे झालं. तुम्हालाही हात जोडायला मिळतील.”

मंगलाताईंनी खीर तोंडात घातली. मग हसल्या. मग म्हणाल्या, “एक साडी है माझी, फॉल लावायची. आणून देऊ?”

“आणा. एकदाच लावीन.”

त्या संध्याकाळी कबूल केल्याप्रमाणं ईशानं पिक्चरचा शेवट लावला. केकवालीचा केक शेवटच्या दिवशीही जळला. तिनं तो फेकला नाही, कापून पाहुण्यांना वाढला, सगळ्यांनी हसत खाल्ला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सव्वीस तारीख उजाडली.

“एवढंच?” भागूबाई म्हणाल्या. “मग पहिल्याच दिवशी वाढायचा होता की.”

“मग पिक्चर कसा बनला असता, आज्जी?”

“मैदा तरी वाचला असता,” भागूबाई म्हणाल्या, आणि मग त्यांना आठवलं की तिचा मैदा परत येत होता. आपलं दूध काही परत आलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी वंदना झाली, मेणबत्ती विझवून ठेवली, चूल पेटली. किशनराव खुर्चीत येऊन बसले. खांद्यावरचा टॉवेल त्यांनी हारासारखा गळ्यात घातला, घसा खाकरला.

“बंधूंनो आणि भगिनींनो,” ते म्हणाले.

भागूबाईंनी त्यांच्यापुढं बिनसाखरेचा चहा ठेवला.

“आज सव्वीस तारीख आहे,” त्या म्हणाल्या.